दोनशेवीस व्होल्टचे यंत्र, अडीचशे व्होल्टचे घर : इंदूरमधील एका ट्यूब अँप्लिफायरचा प्रकरण अभ्यास

इंदूरच्या रामबाग भागातील एका घरात पावणेदोन वर्षांच्या अवधीत एका उंची ट्यूब अँप्लिफायरच्या, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणाऱ्या ध्वनिवर्धकाच्या, पॉवर ट्यूबांचे (स्पीकरला शक्ती पुरवणाऱ्या मोठ्या नळ्यांचे) दोन संच निकामी झाले आणि तिसरा, सर्वांत महागडा संचही त्याच वाटेला लागला होता. घरमालकांनी ट्यूबा बदलल्या, वायरी बदलल्या, स्टॅबिलायझर आणला. परंतु स्पीकरमधली गुणगुण गेली नाही आणि ट्यूबांचे आयुष्यही वाढले नाही. या प्रकरणाची सविस्तर नोंद करावीशी वाटली, कारण यात यंत्राची बांधणी चोख होती. बिघाडाचे मूळ यंत्र आणि घर यांच्या जोडणीत होते आणि ते साध्या मल्टिमीटरने सापडण्यासारखे असूनही कोणी योग्य वेळी मोजमापच घेतलेले नव्हते. २२० व्होल्टसाठी बांधलेले परदेशी अँप्लिफायर आपल्याकडे सर्रास येतात आणि ते आणणारी मंडळी ट्यूबांच्या नावांचा जितका अभ्यास करतात, तितका आपल्या भिंतीतल्या सॉकेटचा करीत नाहीत.

घरमालक निवृत्त प्राध्यापक आहेत. मी त्यांना काका म्हणतो आणि येथेही तसाच उल्लेख करीन. त्यांचे ऐकणे मुख्यतः ख्यालाचे, आणि त्यातही उस्ताद अमीर खाँ साहेबांचे. इंदूरच्या मराठी घरांत हे नवल नाही. खाँ साहेब याच शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घराण्याचे प्रवर्तक, आणि कुमार गंधर्व १९४८ पासून जवळच देवासला राहिले, त्यामुळे दोघांच्याही मैफिलींच्या आठवणी सांगणारी माणसे या भागात कालपरवापर्यंत होती. काकांच्या आवडीचा उल्लेख मी मुद्दाम करतो आहे, कारण त्या आवडीचा बिघाडाशी थेट संबंध आहे. अतिविलंबित लयीत, झुमऱ्यासारख्या तालात, दोन स्वरवाक्यांच्या मध्ये मोठी मोकळी जागा असते आणि त्या जागेत फक्त तानपुरा असतो. काळी एकच्या षड्जावर गाणाऱ्या पुरुष गायकाचा मंद्र पंचम सुमारे १०४ हर्ट्झवर येतो, आणि अँप्लिफायरच्या वीजपुरवठ्यातून येणारी गुणगुण असते १०० हर्ट्झची. म्हणजे ही गुणगुण मंद्र पंचमाच्या अगदी शेजारी, किंचित उतरलेली अशी सतत वाजत राहते. धडाक्याच्या वाद्यवृंदात ती कोणाच्या लक्षातही येणार नाही. मारव्यात किंवा दरबारीत ती सुरात खडा पडल्यासारखी बोचते. काका पहिल्या भेटीत म्हणाले, “पंचम बेसूर लागतोय बाबा, आणि गाणारा तर बेसूर नाही.” त्यांचे निदान मोजमापाच्या आधीच बरोबर होते.

यंत्र असे होते. दोन्ही चॅनेल एकाच पेटीत असलेला पुश-पुल जातीचा (पॉवर ट्यूबा जोडीने काम करतात असा) इंटिग्रेटेड अँप्लिफायर, प्रत्येक चॅनेलला ईएल३४ जातीच्या दोन पॉवर ट्यूबा, आधीच्या टप्प्यांसाठी ईसीसी८३ आणि ईसीसी८२ जातीच्या छोट्या ट्यूबा, आणि प्रत्येक बाजूला सुमारे ४० वॅट. तो हाँगकाँगहून मागवलेला होता आणि मागच्या पट्टीवर २२० व्होल्ट, ५० हर्ट्झ असे छापलेले होते. आपला पुरवठा नावापुरता २३० व्होल्टचा. दहा व्होल्टने काय बिघडते, असा विचार त्या वेळी सर्वांनीच केला होता. स्पीकर जमिनीवर उभे राहणारे, ९० डेसिबल संवेदनक्षमतेचे. चौदा बाय सोळा फुटांच्या खोलीला ४० वॅट पुरून उरतात, त्यामुळे त्या बाजूने काही अडचण नव्हती.

या प्रकरणात सर्वांत उपयोगी पडली ती काकांची वही. ते रोज काय ऐकले त्याची नोंद ठेवतात: तारीख, राग, कलाकार, सुरू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ. त्या वहीवरून हिशेब केला तेव्हा पहिला संच आठशेच्या आसपास तास चालला होता आणि दुसरा त्याहूनही कमी. ईएल३४ नीट वागवली तर दोन-तीन हजार तास सहज देते. वहीतून दुसरीही एक गोष्ट उघड झाली, जी विचारून कळली नसती. काकांचे जवळजवळ सगळे ऐकणे रात्री साडेदहा ते दीडच्या दरम्यानचे होते, रस्त्यावरची वाहने थांबल्यावर आणि घरातले झोपल्यावर. आणि यंत्र तपासायला आलेले सर्व कारागीर दुपारी आले होते.

ट्यूबांच्या खरेदीविषयी थोडे लिहिणे भाग आहे. दुसरा संच गेल्यावर काकांनी जुन्या साठ्यातल्या म्हणून मुलार्डच्या चार ट्यूबा बऱ्याच किमतीला घेतल्या. इंग्लंडमधील ब्लॅकबर्नच्या कारखान्यातून निघालेल्या मुलार्ड ट्यूबांची ख्याती खरी आहे, परंतु मुलार्ड हे नाव आज रशियात बनणाऱ्या ट्यूबांवरही छापले जाते, त्यामुळे नुसत्या नावाला अर्थ नाही. छापील अक्षरे तर अस्सल ट्यूबेवरूनही अंगठ्याने पुसली जातात. पाहायचा असतो तो काचेच्या तळाजवळचा करड्या रंगाचा कोरीव संकेत, ज्यात ट्यूबेचा प्रकार आणि कारखान्याचे अक्षर असते. ब्लॅकबर्नसाठी ते ‘बी’ असते. काकांच्या चारपैकी दोन ट्यूबांवर तो होता, दोनांवर नव्हता. माझे मत असे, की जोवर घरातली वीज मोजून झाली नाही, तोवर कोणीही जुन्या साठ्यातल्या ट्यूबांवर पैसा घालू नये. ज्या वस्तूचे उत्पादन पन्नास वर्षांपूर्वीचे आहे, ती चुकीच्या दाबावर जाळून टाकणे हे मला नुकसानीपेक्षाही अधिक काही वाटते. आपल्याकडे बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही एके काळी रेडिओच्या ट्यूबा बनवल्या आणि त्यातल्या काही आजही शोधून घेतल्या जातात. त्या परत बनणार नाहीत. नव्या ट्यूबांचेही कारखाने जगात मोजकेच उरले आहेत, मुख्यतः रशियात, स्लोव्हाकियात आणि चीनमध्ये. २०२२ मध्ये रशियाने निर्यातीवर निर्बंध घातले तेव्हा किमती एकाएकी चढल्या, हे या छंदातल्या सर्वांना आठवत असेल.

मोजमापे

पहिले काम होते ते सॉकेटवरचा विद्युतदाब दिवसभर नोंदवण्याचे. किमान आणि कमाल आकडा धरून ठेवणारा मल्टिमीटर त्या सॉकेटवर लावून ठेवला आणि काकांना वहीत एक नवा रकाना पाडायला सांगितला. हिवाळ्याचे दिवस होते. सकाळी २२८ ते २३२, दुपारी २३२ ते २३५, संध्याकाळी सातच्या सुमारास पुन्हा २३० च्या खाली, आणि रात्री अकरानंतर २४६, २४८. एकदा दीडच्या सुमारास २५० सुद्धा. कारण सरळ आहे. वसाहतीचा ट्रान्सफॉर्मर जवळ असला आणि रात्री गिझर, पंप, दुकाने बंद झाली, की तारांमध्ये होणारी दाबाची घट कमी होते आणि ग्राहकाकडे अधिक दाब पोचतो. फ्रिज, पंखा, दिवे हे निमूटपणे सोसतात. २२० व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या ट्यूब अँप्लिफायरला मात्र तो सोसत नाही, आणि काकांचे ऐकण्याचे तास नेमके तेच होते.

आता हा आकडा आत कसा पोचतो ते पाहू. ट्यूब आतून तापवणाऱ्या हीटरला ६.३ व्होल्ट लागतात आणि उत्पादक साधारणपणे दहा टक्क्यांची मुभा देतात, म्हणजे वरची मर्यादा ६.९३ व्होल्ट, दीर्घ आयुष्य हवे असेल तर पाच टक्क्यांच्या आत राहावे. पुरवठा २४८ असताना २२० साठी गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरमधून हिशेबाने ७.१ व्होल्ट निघतात. रात्री अकराला यंत्राच्या तळाची पट्टी काढून ट्यूबेच्या सॉकेटच्या पायांवर मोजले तेव्हा ७.०५ मिळाले. ही मुभेच्या बाहेरची गोष्ट आहे, आणि तिचा परिणाम एका रात्रीत दिसत नाही म्हणूनच ती घातक ठरते. हीटरने तापणाऱ्या कॅथोडवर बेरियम आणि स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा लेप असतो. इलेक्ट्रॉन त्यातूनच सुटतात. हीटर गरजेपेक्षा जास्त तापला की हा लेप हळूहळू उडू लागतो आणि शेजारच्या, प्रवाहावर ताबा ठेवणाऱ्या कंट्रोल ग्रिडच्या तारांवर जाऊन बसतो. मग ग्रिड स्वतःच इलेक्ट्रॉन सोडू लागते, तिच्यातून नको तो प्रवाह वाहतो, बायस, म्हणजे ट्यूबेतला प्रवाह ठरवणारा ग्रिडवरचा ऋण दाब, ढळतो, ट्यूबेतून अधिक प्रवाह जातो, ती आणखी तापते, आणि चक्र सुरू होते. काकांच्या दुसऱ्या संचातल्या निकामी ट्यूबेचे हेच झाले होते. दिवा मालवून मागच्या बाजूने पाहिले असता तिच्या करड्या प्लेटच्या (इलेक्ट्रॉन झेलणाऱ्या धातूच्या पत्र्याच्या) उभ्या सांध्यावर, वरून दोन बोटे खाली, मंद लाल रंगाचा पट्टा उमटलेला दिसे, आणि शेजारच्या तीन ट्यूबा मात्र नेहमीसारख्या फक्त हीटरच्या नारिंगी उजेडात असत. काचेच्या आतल्या कडेला दिसणारी निळसर झाक निरुपद्रवी असते आणि अनेकजण उगाच तिला घाबरतात; प्लेट लाल होणे मात्र तत्काळ यंत्र बंद करण्याची सूचना आहे.

दुसरा हिशेब प्लेटचा. निर्मात्याने २२० व्होल्टवर प्लेटला ४४० व्होल्ट आणि प्रत्येक ट्यूबेला ४० मिलिअँपिअर असा बायस सांगितला होता, म्हणजे १७.६ वॅट. ईएल३४ च्या प्लेटची मर्यादा २५ वॅट आहे, तेव्हा सत्तर टक्के हा अगदी शहाणपणाचा आकडा. पण शेवटचा बायस लावणाऱ्या कारागिराने तो दुपारी, पुरवठा २३२ असताना लावला होता. त्या वेळी प्लेटवर ४६४ व्होल्ट होते आणि ४० मिलिअँपिअरला १८.६ वॅट होत होते. रात्री २४८ ला प्लेटवर ४९६ व्होल्ट आले. या यंत्रात बायस बाहेरून ठरवून दिलेला, म्हणजे फिक्स्ड, आहे. दाब वाढला की ऋण बायसही वाढतो, पण पुरेसा नाही, आणि प्रवाह ४४ मिलिअँपिअरवर गेला. गुणाकार केला की जवळजवळ २२ वॅट. नवी ट्यूब हे सोसते. जिची ग्रिड आधीच मलिन झाली आहे ती ५० मिलिअँपिअर ओलांडते आणि मर्यादेवर जाऊन पोचते. स्क्रीन ग्रिडची, म्हणजे कंट्रोल ग्रिड आणि प्लेट यांच्यामधल्या जाळीची, मर्यादा तर अवघी ८ वॅटची असते आणि ती तापलेली बाहेरून लवकर दिसतही नाही.

तिसरी गोष्ट वीजभार साठवून पुरवठा सपाट करणाऱ्या कपॅसिटरची. यंत्र सुरू केल्यावर ट्यूबा तापून प्रवाह घेऊ लागेपर्यंतच्या पंधरा-वीस सेकंदांत मुख्य पुरवठ्यावर भार नसतो, आणि त्या वेळी दाब सर्वांत जास्त असतो. रात्री तो ५४० पर्यंत चढताना दिसला. आत बसवलेले कपॅसिटर ५०० व्होल्टचे होते. २२० वर तेच ४८० च्या आसपास राहिले असते आणि कोणतीही तक्रार उद्भवली नसती. दोन कपॅसिटरांची डोकी फुगलेली होती. काकांच्या मंद्र पंचमाशेजारची १०० हर्ट्झची गुणगुण येथून येत होती: थकलेले कपॅसिटर लहर पुरेशी गाळत नव्हते.

येथे एक इशारा द्यायलाच हवा. ही मोजमापे चालू यंत्राच्या पोटात हात घालून घ्यावी लागतात आणि तेथला ४००-५०० व्होल्टचा एकदिश दाब जीव घेऊ शकतो. यंत्र बंद करून प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये भार उरतो. तो रोधकातून उतरवून, मीटरवर शून्याजवळ आल्याची खात्री केल्याशिवाय काही शिवू नये, आणि मोजताना एक हात खिशात ठेवण्याची जुन्या रेडिओ कारागिरांची सवय आजही तितकीच योग्य आहे. ज्यांच्या यंत्रात बायस मोजायला वरच्या पट्टीवर छिद्रे दिली आहेत त्यांनी तेवढेच करावे आणि तळाची पट्टी जाणकारावर सोडावी.

स्टॅबिलायझरविषयी एक परिच्छेद पुरे. काकांनी आणलेला रिलेवर चालणारा होता, फ्रिजला लावतात तसा. तो दाब पायऱ्यापायऱ्यांनी बदलतो. प्रत्येक पायरी वीसेक व्होल्टची, आणि प्रत्येक बदलाच्या वेळी ‘टक’ असा आवाज स्पीकरमधून येई. त्यात त्याची ठरलेली पातळी २३० ते २४० च्या मधली होती, म्हणजे २२० च्या यंत्राला तो सुरळीत केलेला पण तरीही जास्तच दाब देत होता. सर्व्हो स्टॅबिलायझर यापेक्षा बरा, परंतु त्याच्या मोटरची घरघर मध्यरात्रीच्या शांततेत त्याच खोलीत नको होती.

अर्थिंगचा प्रश्न

गुणगुणीत १०० हर्ट्झच्या जोडीला ५० हर्ट्झची एक करकरीत किनारही होती, आणि ती कपॅसिटरची नव्हती. अँप्लिफायरचे सगळे इनपुट काढून व्हॉल्यूम शून्यावर नेला की ती नाहीशी होई. संगणकाकडून येणारी जोडणी लावली की परत येई. संगणकाच्या शेजारी केबल टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स होता आणि त्याच्या तारेचे बाहेरचे आवरण रस्त्यावरच्या खांबापर्यंत पोचत होते. ती तार काढताच आवाज निम्म्याहून कमी झाला. जमिनीशी दोन निरनिराळ्या वाटांनी जोडलेल्या उपकरणांमध्ये वेढा तयार होतो आणि त्यात पुरवठ्याचा प्रवाह खेळू लागतो, ही नेहमीची गोष्ट आहे. संगणकापासून डॅकपर्यंत (डिजिटल आवाज विद्युतलहरीत बदलणाऱ्या पेटीपर्यंत) प्रकाशतंतूची जोडणी केली आणि टीव्ही दुसऱ्या भिंतीवर गेला.

परंतु याच शोधात एक संतापजनक गोष्ट आढळली. आधीच्या एका कारागिराने गुणगुण कमी करण्यासाठी अँप्लिफायरच्या प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन आतून सोडवून ठेवली होती. गुणगुण कमी झालीही असेल. पण ज्या धातूच्या पेटीत पाचशे व्होल्ट खेळतात आणि जिला घरातले प्रत्येक माणूस हात लावते, तिचा जमिनीशी असलेला संबंध तोडणे हे अक्षम्य आहे, मग ते कितीही चांगल्या हेतूने केलेले असो. पिन त्याच दिवशी जोडली.

जोडल्यावर मात्र कळले की ज्या अर्थिंगला ती जोडली तेच धड नव्हते. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात ९ व्होल्ट भरले. ते दोनेक व्होल्टच्या आत असावेत. खड्डा अंगणात तुळशीवृंदावनाच्या मागे होता, वरची फरशी कित्येक वर्षांत उघडलेली नव्हती. माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. इलेक्ट्रोडभोवतालची माती आकसून सुटली की रोध वाढतो. मोजणी यंत्राने तो १४ ओहम आला. खड्डा उकरून, मीठ-कोळसा नव्याने भरून, पाणी सोडण्यासाठी नळी बसवून घेतल्यावर तो तीनच्या खाली उतरला आणि न्यूट्रल-अर्थ दाब दीड व्होल्टवर आला. काकूंनी उन्हाळ्यात तुळशीबरोबर त्या नळीलाही पाणी घालण्याचे स्वतःहून पत्करले. या एका कामाचा फायदा अँप्लिफायरपेक्षा घरातल्या गिझरला आणि धुलाई यंत्राला अधिक झाला असेल, असे माझे मत आहे.

उपाय

सर्वांत उत्तम उपाय म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक वेटोळ्याला २४० ची टोकजोडणी असेल तर ती वापरणे. काही उत्पादक एकच ट्रान्सफॉर्मर सर्व देशांसाठी वापरतात आणि जास्तीच्या तारा आत गुंडाळून ठेवतात, म्हणून आधी तेच शोधावे. येथे तशी तार नव्हती.

मग दाब उतरवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर बसवला. तत्त्व सोपे आहे: २३० वरून १८ व्होल्ट देणारा साधा ट्रान्सफॉर्मर घ्यायचा, त्याचे दुय्यम वेटोळे यंत्राच्या वाटेत मालिकेत जोडायचे, आणि जोडणी अशी ठेवायची की हे १८ व्होल्ट पुरवठ्यातून वजा व्हावेत. सगळी शक्ती त्यातून बदलत नसल्याने तो लहानच पुरतो. या यंत्राला २६० वॅट, म्हणजे सव्वा अँपिअरच्या आत प्रवाह लागतो. आम्ही तीन अँपिअरचा घेतला, जेणेकरून तो थंड आणि शांत राहावा. महाराणी रोडवरून सामान आणले आणि एका जुन्या वाइंडिंगवाल्याकडून ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला, वार्निशमध्ये बुडवून, कारण सैल पत्र्यांची गुणगुण पुन्हा विकत घ्यायची नव्हती.

अठराच का, याचा हिशेब असा. हे १८ व्होल्ट पुरवठ्याच्या प्रमाणात थोडे कमीजास्त होतात. पुरवठा २२८ असेल तर यंत्राला २१० मिळतात आणि हीटरवर ६.०२ व्होल्ट, २५० असेल तर २३० मिळतात आणि हीटरवर ६.६. दोन्ही टोके पाच टक्क्यांच्या आत बसतात. चोवीस व्होल्ट वजा केले असते तर रात्र सुधारली असती पण सकाळी कॅथोड थंड पडला असता, आणि कमी तापलेल्या कॅथोडमधून पूर्ण प्रवाह ओढणेही त्याला मानवत नाही. जोडणीची दोन टोके उलट लागली तर हेच १८ व्होल्ट बेरजेत जातात आणि २४८ चे २६७ होतात. म्हणून अँप्लिफायर लावण्यापूर्वी शंभर वॅटचा जुना दिवा भार म्हणून लावून मीटरवर खात्री केली. फ्यूज, बंद डबा आणि अर्थिंग या गोष्टी गृहीतच आहेत.

फुगलेले कपॅसिटर बदलून अधिक दाबाचे बसवले. बायस नव्याने लावला, या वेळी यंत्र अर्धा तास तापू देऊन आणि पुरवठा २३८ असताना, ३८ मिलिअँपिअरवर. रात्री तो ४१ पर्यंत जातो आणि प्लेटवर सुमारे १९ वॅट होतात. ट्यूबा नव्या, सध्याच्या उत्पादनातल्या, जुळवलेल्या चार घेतल्या. कोरीव संकेत असलेल्या दोन मुलार्ड मोजणीत अजून जिवंत निघाल्या. त्या काकांनी वेगळ्या ठेवल्या आहेत आणि जोडीला अस्सल दोन मिळेपर्यंत त्या लावू नयेत असे माझे त्यांना सांगणे आहे.

यंत्रासह राहणे

वीज सुधारली तरी ट्यूब अँप्लिफायर घरात ठेवण्याचे काही प्रश्न उरतातच, आणि त्यांची उत्तरे घरातल्या माणसांशी बोलूनच मिळतात. हे यंत्र गाणे लावलेले नसतानाही बरीच उष्णता खोलीत सोडते. इंदूरच्या मे महिन्यात, दुपारचे तापमान ४० च्या पुढे गेलेले असताना, भिंती रात्रीही तापलेल्या असतात; अशा वेळी तीन तास यंत्र चालवायचे तर एसी लागतोच, आणि मग विजेचे बिल व एसीचा आवाज ही दोन्ही ओझी येतात. काकांनी यावर एक व्यवहारी तोड काढली: एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत ते एका साध्या ट्रान्झिस्टर अँप्लिफायरवर ऐकतात. ही तडजोड मला पूर्णपणे मान्य आहे. पावसाळ्यात मात्र महिनोन्महिने बंद ठेवू नये. दमट हवेत ट्यूबांच्या सॉकेटचे पाय काळवंडतात, म्हणून आठवड्यातून दोनदा तरी तासभर चालवावे.

काकूंची तक्रार केर काढण्याविषयी होती आणि ती रास्त होती. एकदा केरसुणीत अडकून स्पीकरची तार निघाली आणि यंत्र तसेच चालू राहिले. ट्रान्झिस्टरच्या यंत्राला याने काही होत नाही; ट्यूबेच्या यंत्राला स्पीकरचा भार नसताना आवाज दिला, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये इतका दाब उसळू शकतो की त्याचे आवरण फुटते, आणि हा ट्रान्सफॉर्मर त्या यंत्राचा सर्वांत महाग आणि न मिळणारा भाग असतो. त्या दिवशी आवाज अगदी लहान होता म्हणून निभावले. आता तारा स्क्रूने आवळलेल्या आणि भिंतीलगत पट्टीत आहेत. ट्यूबा पुसायच्या त्या कोरड्या कुंच्याने आणि थंड असताना; चालू पॉवर ट्यूबेची काच दोनशे अंशांच्या आसपास असते आणि तिच्यावर ओले फडके फिरवणे म्हणजे ती तडकवणे. नातू घरी असेल तेव्हा जाळीचा पिंजरा काढायचा नाही, हा नियम काकूंनीच घातला आहे.

आणि पाल. तळाची पट्टी उघडली तेव्हा बायसच्या रोधकांशेजारी एक वाळून गेलेली पाल होती, शेपटी एका टोकाला, तोंड दुसऱ्या टोकाला, आणि मधल्या पट्टीवर जळाल्याचा काळा डाग. काकांनी वर्षभरापूर्वी एकदा अकारण उडालेला फ्यूज वहीत लिहून ठेवला होता. त्याचे कारण बहुधा हेच. ऊब आणि दिव्याभोवतीचे किडे यांमुळे पाली अशा यंत्रांकडे येतात. तळाच्या हवेच्या फटींना आतून बारीक पितळी जाळी लावली आहे, हवा अडणार नाही आणि जाळी कोणत्याही टोकाला टेकणार नाही इतके अंतर राखून.

या सगळ्याला आता वर्ष उलटून गेले आहे. वहीच्या हिशेबाने नवा संच साडेसातशे तासांच्या पुढे गेला, म्हणजे जेथे आधीचे संच ढळू लागले होते तेथे, आणि चारही ट्यूबांचे प्रवाह एकमेकांपासून दोन मिलिअँपिअरच्या आत आहेत. इनपुट बंद ठेवून स्पीकरच्या जाळीला कान लावला तर थोडी सळसळ ऐकू येते, गुणगुण नाही; बसण्याच्या जागेवरून काहीच नाही. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी, सगळ्या वसाहतीचे एसी चालू असताना, पुरवठा २१० च्या खाली गेल्याचे दोनदा नोंदवले आहे. अशा वेळी दाब वजा करणे उलट ठरते, म्हणून ट्रान्सफॉर्मरच्या डब्यावर त्याला वगळणारा एक स्विच आणि शेजारी व्होल्टमीटर बसवला आहे. काटा २२० च्या खाली असेल तर स्विच खाली (ट्रान्सफॉर्मर वगळलेला), वर असेल तर वर, आणि स्विच फिरवायचा तो यंत्र बंद असतानाच. काकांनी ही सूचना मराठीत लिहून डब्यावर चिकटवली आहे, आणि त्याखाली काकूंनी पुढचा बायस तपासण्याचा महिना लिहिला आहे.